शेंगा सुकल्या, दत्ता

दत्ता, तुझ्या तिसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी रडायला आलो होतो, आणि रडायच्या आधीच माझी चोरी पकडली गेली.

झालं असं. तुमच्या पुढच्या खोलीतला सोफा उचलून सतरंजी घातली होती. भिंतीशी तुझा फोटो, फोटोपुढे दिवा. वहिनी कोपऱ्यात बायकांमध्ये बसलेल्या. तुझे थोरले भाऊ आबा त्याच सकाळी गावाहून उतरलेले, एसटीतला त्यांचा चेहरा अजून तसाच होता. मी फोटोपुढे वाकलो, उठलो, डोळे भरून आले म्हणून पँटच्या खिशातला रुमाल ओढला, आणि रुमालाबरोबर तुझ्या गोकर्णीच्या शेंगा बाहेर आल्या. कडकडीत वाळलेल्या. ह्या शेंगेची खोड मी तुला काय सांगायची? धक्का लागला की टचकन फुटते, पीळ घेते आणि बिया उडवते. सतरंजीभर बिया. एक तर थेट दिव्याच्या ताटलीत जाऊन बसली.

आबांनी ताटलीतली बी उचलली, चष्म्याजवळ नेली आणि मला विचारलं, "ह्यां काय? तुमच्याकडे असां घालतत काय?"

ह्या जागी दुसऱ्या कुणीही खरं सांगितलं असतं. किंवा गप्प तरी बसला असता. मी म्हणालो, "हो. इकडे घालतात."

"कसल्या बियो ह्यो?"

"पांढऱ्या फुलांच्या," मी म्हणालो. "शांती मिळते."

दत्ता, मी मेल्या माणसासमोर एक नवा रिवाज जन्माला घातला. तेही सतरंजीवर उभा राहून, हातात रुमाल धरून, एका दमात. आबा भला माणूस. त्यांनी खात्री करायला मान वळवली. "शालू, होय गो?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. ती गोकर्ण त्यांच्याच खिडकीवर चढलेली आहे. तिची प्रत्येक शेंग त्यांच्या नजरेखालून जाते. मी मनाशी म्हटलं, लागली वाट. पण वहिनी म्हणाल्या, "हो दादा, इकडे घालतात." आणि लगेच त्यांनी पदर तोंडावर घेतला. खांदे हलायला लागले. शेजारच्या बायका पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, "रडा हो, रडून मोकळ्या व्हा." वहिनी रडत नव्हत्या रे. त्यांना हसू आलं की आधी डावा खांदा वर जातो, हे तूच मला एकदा दाखवलं होतंस. तू गेल्यानंतर त्या पहिल्यांदा हसल्या असतील तर त्या माझ्या फजितीवर. तेवढं एक पुण्य माझ्या खात्यावर मांड. बाकी सगळी बाजू रिकामीच आहे.

मग आबा गुडघ्यांवर बसून बिया वेचायला लागले. म्हातारा माणूस एकटा वेचतोय म्हटल्यावर मीही बसलो. माझ्याच चोरीचा मुद्देमाल मीच गोळा करून देत होतो. आबांनी सगळ्या बिया पितळेच्या वाटीत घातल्या आणि वाटी तुझ्या फोटोपुढे ठेवली. तिथं ती दहाव्यापर्यंत होती. रोज संध्याकाळी मी यायचो, आणि तू फोटोतून आधी वाटीकडे आणि मग माझ्याकडे बघायचास.

बरं, रिवाज तिथंच थांबेल तर कसला. चौथ्या दिवशी समोरच्या विंगेतल्या काकू घरात दुसरी कुठली बी नव्हती म्हणून पुडीत धणे घेऊन आल्या. आबांनी तेही वाटीत घातले.

आता तू विचारणार, शेंगा तोडल्यास कधी? तुला पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. दुधाच्या बाटल्या आणायला खाली उतरलो होतो. तुझी खिडकी बंद होती. वेलीवर फुलं होती आणि ती तोडायला कुणी नव्हतं. खालच्या बाजूला शेंगा सुकून पिवळ्या, मग तपकिरी झालेल्या. मी आजूबाजूला बघितलं. हे आजूबाजूला बघणं महत्त्वाचं. जो माणूस "वाया जातील म्हणून तोडल्या" असं सांगतो, त्यानं आजूबाजूला कशाला बघायला हवं? हात गेला, खिशात आला. आणि त्याच पँटीत मी दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे रडायला आलो. चोर म्हणूनसुद्धा मी धड नाही.

तुला हे सगळं नवीन नाही. माझे खिसे एकदा तुझ्यासमोर रिकामे झालेच होते.

आठवतं ना, तुला ती गोकर्ण कशी हवी होती? साधी निळी नको. ती बोरिवलीत प्रत्येक कुंपणावर. साधी पांढरीही नको. तुला पांढरी, तीही डबल, गुलाबासारख्या भरगच्च पाकळ्यांची. गावी तुझ्या आईच्या अंगणात, खळ्यात होती तशी. आई गेल्या आणि त्या पावसाळ्यानंतर वेलही गेली, गावी कुणी बी जपून ठेवली नाही. तेव्हापासून तू प्रत्येक रविवारी मला घेऊन हिंडायचास. चेंबूरला तुझ्या कंपनीतल्या एकाच्या बंगल्यावर गेलो, ती निघाली एकेरी. सांताक्रूझला एका बाईंनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की आमच्याकडे आहे, आणि आपण घामाघूम होऊन पोचलो तर फाटकावर चमेली. तू त्यांना म्हणालास, "छान आहे हो चमेली," आणि बाहेर आल्यावर मला म्हणालास, "मध्या, फुलाला नाव ठेवू नये. बाईला आपण ठेवू." मग नाक्यावर ऊसाचा रस पिताना तू त्या बाईला जे नाव ठेवलंस ते मी इथं लिहीत नाही. तुझ्या फोटोपुढे दिवा जळतोय.

शेवटी स्टेशनबाहेरच्या फुलवालीनं सांगितलं, गोराईला आहे, एका मावशीच्या कुंपणावर. होडीतून खाडी ओलांडली, पलीकडे टांगा केला. टांगेवाला म्हणाला, "वो आंटी? उसका तो पूरा कंपाऊंडच सफेद है." आणि खरंच होतं. विटांचं जुनं घर, दारात क्रूस, विहीर, आणि सगळं कुंपण पांढरं. तू टांग्यातून उतरायचाच विसरलास. मी तुला खाली ओढलं. तुझे डोळे ओले झाले होते आणि तू म्हणालास, धूळ गेली.

तू दाराशी जाऊन हाक मारलीस. "मावशी, आहे का कुणी?" आणि तू चपला काढून आत जाऊन तुझ्या आईची, खळ्याची, वेलीची सगळी कथा सांगत बसलास. मी बाहेर कुंपणापाशी. माझ्या आईनं मला लहानपणापासून शिकवलं होतं, मागून आणलेलं झाड जगत नाही, चोरून आणलेलं फोफावतं. आमच्या गिरगावच्या घरात एकूण एक कुंडी चोरीची होती. तेव्हा मी म्हटलं, दत्ता आत बोलतोय तोवर काम उरकून टाकू. खिसे भरले. दोन्ही बाजूंचे. शर्टाचासुद्धा.

आणि मावशी तुझ्याबरोबर बाहेर आली. तिनं माझ्या शर्टाच्या खिशातून डोकावणारी शेंग बघितली. काही ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. नुसतं पायरीकडे बोट दाखवलं. मी खिसे रिकामे केले. शेंगा, बसची तिकिटं, सुपारीचं खांड, घरच्या किल्ल्या. पायरीवर सगळं मांडलेलं आणि मी पलीकडे उभा, शाळेतल्यासारखा. ती म्हणाली, "अरे बाबा, मागला असता तं टोपलीभर दिला असता." मग त्यातल्याच मूठभर शेंगा उचलून तिनं तुझ्या हातावर ठेवल्या. माझ्या हातावर माझी सुपारी ठेवली.

परतीच्या होडीत तू माझ्याशी बोलला नाहीस. आपली बोरिवलीची बाजू जवळ आल्यावर तोंड फुटलं. तू चिडलास की मालवणीत चिडायचास. "मेल्या, मागूक लाज वाटता, आणि चोरूक वाटणा नाय?"

मी म्हटलं, "चोरलेलं लागतं. शास्त्र आहे."

"तुझ्या शास्त्राक लागली आग. तुका बी मी दितंय. माझी वेल होऊंदे. पण तोंडान माग. मागशीत तेव्हा दितंय."

तू पडलास स्टोअरकीपर. औषधांच्या कंपनीत तुझ्याकडे मागणी केल्याशिवाय साहेबालासुद्धा सुतळीचा तुकडा मिळत नसे. मी म्हटलं, आठवड्यात निवळेल. पण तू निवळला नाहीस आणि मी मागितलं नाही. सालोसाल.

तुझी वेल वाढली. तळमजल्याच्या खिडकीची जाळी तिनं भरून टाकली आणि ती पहिल्या मजल्याकडे निघाली. मी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली बघायचो. श्रावणात तू सोमवारी फुलं वर पाठवायचास. आमच्या घरात, सुमनच्या देवघरात महादेवाची पिंड तुझ्या फुलांखाली दिसत नसे. फुलं न मागता. बी मात्र मागितल्यावर. मी एकदा सुमनच्या तोंडून विचारून बघितलं, की भाऊजी, हा असा काय न्याय? तर तू म्हणालास, "वहिनी, फूल संध्याकाळी कोमेजतं. बी त्याच्याकडे राहायचीय. त्यानं नको का मागायला?"

आणि शेंगा सुकल्या की तुझी ती हाक. अख्ख्या विंगेला ऐकू जाईल अशी. "मध्याऽ! शेंगा सुकल्या हां!"

मी गॅलरीतून विचारायचो, "तुमच्याकडे पाणी आलं का रे?"

"पाणी आलं. शेंगा पण आल्या."

"रॉकेलची लाइन लागली का बघ ना नाक्यावर."

"मध्या, बोल ना. दोन शब्द आहेत."

मग मी पेपर वर धरायचो. विंगेतली मंडळी हसायची. मीही हसायचो. सगळ्यांना वाटायचं, दोस्तांची गंमत आहे. होतीच गंमत. पण दत्ता, मला खरोखर मागता येत नव्हतं रे. हे मी तुला कधी सांगितलं नाही, आता सांगतो.

आमच्या चाळीत मागायला जायचं काम माझ्याकडे होतं. वडिलांचं काम सुटलेलं असायचं तेव्हा. आई हातात वाटी द्यायची. कधी साखर, कधी तेल, कधी विरजण. मोठा भाऊ जायचा नाही, बहीण मुलगी म्हणून तिला पाठवायचं नाही. राहिलो मी. दारं सगळी ओळखीची, माणसं चांगली. कुणी नाही म्हणायचं नाही. पण दार उघडणाऱ्याची नजर आधी वाटीवर जायची आणि मग माझ्यावर. ती नजर कुणाचा दोष नव्हता. मला मात्र वाटायचं, मी वाटीच्या मागे उभा असलेला कुणीतरी आहे. तेव्हाच ठरवलं, मोठा झालो की काही मागायचं नाही. चोरलं तर काय, पकडले गेलो तरी आपण आपल्या हिमतीवर पकडले जातो.

हे तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? बहुतेक ताबडतोब पिशवीभर बिया वर आणून दिल्या असत्या. म्हणूनच सांगितलं नाही. नाही तर तेही एक मागणंच झालं असतं.

आणि तुझं उलट. न मागता देण्यात तुझा हात कुणी धरला नसता. सुमनला अल्सरनं ॲडमिट केलं तेव्हा तू रोज संध्याकाळी कंपनीतून परस्पर डबा घेऊन हजर. मी म्हटलं, "अरे कशाला?" तर म्हणालास, "तू मागणार नाहीस, मग मला माझ्या अंदाजानं आणायला लागतं. आज अंदाजानं भेंडी आहे." मला तेव्हा ते विनोदी वाटलं. आता बसल्या बसल्या वाटतं, तू दमला असशील. सतत अंदाज करत राहायचं, ह्या माणसाला काय हवंय, काय नको. एकदा तरी ह्यानं तोंड उघडावं, एवढंच तुझं म्हणणं होतं. आणि मी पेपर वर धरत होतो.

आता त्या रविवारचं.

तू खिडकीखाली उभा होतास, हातात सुतळीचं रीळ. मी गॅलरीत. तू वर बघून म्हणालास, "मध्या, जरा खाली ये ना रे."

मी खाली बघितलं. तू, सुतळी, वेल आणि वेलीवर सुकलेल्या शेंगा. मी म्हटलं, आलं ह्याचं दरवर्षीचं. खाली बोलावून शेंगा नाकापुढे नाचवणार. म्हणालो, "येतो रे, आंघोळ व्हायचीय."

तू "बरं" म्हणालास. एवढंच. नेहमी तू दुसरी हाक मारायचास, तिसरी मारायचास, आंघोळीवरून काहीतरी वावगं बोलायचास. त्या दिवशी "बरं". माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी आंघोळ केली, जेवलो, झोपलो. उठल्यावर टीव्हीवर सिनेमा होता.

मंगळवारी तू गेलास.

पाचव्या दिवशी वहिनी खिडकीशी उभ्या होत्या. वेलीचा एक मोठा फाटा जाळीवरून सुटून खाली लोंबत होता. त्या सहज म्हणाल्या, "एवढं बांधायचं राहिलं बघा, भाऊजी. रविवारी ह्यांचा डावा हात वर जातच नव्हता. दुखत होता. मी म्हटलं, स्टूल देते, मी बांधते. तर म्हणाले, नको, मध्याला हाक मारलीय. येईल."

त्यांच्या आवाजात ठपका नव्हता. त्या मला गोष्ट सांगत होत्या. "येईल" हा शब्द त्यांनी तुझ्यासारखाच उच्चारला, त्यातली खात्री जशीच्या तशी ठेवून.

मी म्हणालो, "हो." स्टूल मागितलं नाही, तिथलंच ओढलं आणि फाटा बांधला. माझे दोन्ही हात वर जात होते. त्याची लाज वाटली.

सगळ्या आयुष्यात तू मला एकदा मागितलंस, दत्ता. तोंडानं. तुझ्याच नियमानं. आणि मी वर बसलो, कारण मला वाटलं, तू मला मागायला लावणार. डॉक्टरकडे मी तुला नेलं असतं का, हाताचं दुखणं मला कळलं असतं का, हे मला माहीत नाही. त्या वाटेनं मी गेलो की परत येता येत नाही. म्हणून एवढंच म्हणतो, की सुतळी तरी बांधून झाली असती.

दहाव्याला नदीकाठी गेलो. पिंड ठेवला, सगळे मागे सरकले. शेजारी दुसऱ्या एका घरची माणसं होती, त्यांच्या पिंडाला कावळा असा आला जसा काही पत्रिका घेऊनच बसला होता. तुझ्याकडे कुणी फिरकेना. एक कावळा खांबावर होता. तो बघत होता, पण येत नव्हता. अगदी तुझी स्टाइल. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, कुणीतरी शब्द द्या.

आबा हात जोडून म्हणाले, "दत्ता, शालूची काळजी करू नको, मी आसंय." कावळा बसून. तुझा मेहुणा म्हणाला, "कंपनीतल्या फंडाचं मी बघतो." कावळ्यानं पंख साफ केले. मग आपले सोसायटीचे सेक्रेटरी पुढे झाले आणि घसा खाकरून म्हणाले, "दत्ताराम, तुझा टाकी साफ करायचा मुद्दा येत्या मीटिंगला घेतो." दत्ता, मला वाटलं तू आता नक्की येणार. पण तुझा त्यांच्यावर जिवंतपणीही विश्वास नव्हता.

आबा माझ्याजवळ आले. "मधुकरराव, तुमचो दोस्त. तुमी काय तरी बोला. कावळो तुमच्याकडेच बघता."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला ठाऊक होतं काय बोलायचं ते. दोन शब्द होते. वहिनी तिथं नव्हत्या, मावशी नव्हती, समोर खांबावर एक कावळा. मी हात जोडले, डोळे मिटले आणि म्हणालो, दत्ता, बिया दे. रविवारी आलो नाही, चुकलं.

डोळे उघडले तर कावळा रस्त्याकडे उडून जात होता. तिथं कुणीतरी भज्यांचा कागद टाकला होता.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. आबांचा चेहरा उतरला. आणि मग त्यांनी पिशवीतून ती पितळेची वाटी काढली. बिया, धणे, सगळं. माझ्या हातात दिली. "तुमच्याकडचो रिवाज, तुमीच सोडा."

वाटी हातात घेऊन मी पुन्हा उभा राहिलो, दत्ता. इतक्या वर्षांनी. ह्या वेळी वाटी भरलेली होती आणि ती रिकामी करायची होती. त्यांना सांगावंसं वाटलं, की आबा, हा रिवाज नाही, चोरी आहे, ह्या बिया पेरायच्या असतात. नाही सांगितलं. गुडघाभर पाण्यात उतरलो आणि सोडल्या. धणे तरंगत गेले, तुझ्या बिया बुडाल्या. एक बी ओल्या तळव्याला चिकटून राहिली. काय सांगू, मोह झाला. मूठ मिटली की झालं, कुणाला कळणार होतं? आबा वर काठावर डोळे पुसत होते. मी हात पाण्यात घालून हलवला आणि ती सुटली.

पटेल तर बघ, पण माझ्या हातून चोरीची वस्तू परत जाण्याची ही पहिली वेळ. गोराईला तर मावशीनं घेतली होती.

घरी आल्यापासून हे लिहितोय. तुझी वेल गॅलरीतून दिसते. मी बांधलेला फाटा परत थोडा सैल झालाय, माझी गाठ तुझ्यासारखी बसत नाही. वरच्या अंगाला अजून शेंगा आहेत, काही हिरव्या, काही सुकायला आलेल्या. उद्या-परवा त्या टचकन फुटतील. खालून हाक येणार नाही. म्हणून म्हटलं, ह्या कागदावर मागून टाकावं. दत्ता, मला तुझ्या पांढऱ्या गोकर्णीच्या बिया दे. बघ, जमलं.

आत्ता हे सगळं सुमनला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. गोराईच्या पायरीपाशी ती हसली, रविवारपाशी तिचे हात थांबले. संपल्यावर तिनं डोळे पुसले आणि मी वाट बघत बसलो, की आता म्हणेल, छान लिहिलंत.

ती म्हणाली, "नदीवर मनातल्या मनात मागितलंत ना?"

मी कागदाची घडी घालायला लागलो.

"आणि आता कागदावर." तिनं मेथीची काडी बाजूला टाकली. "अहो, शालूवहिनी खाली एकट्या आहेत. आबा तिकीट काढायला गेलेत. जा, आणि तोंडानं मागा. आणि जाताना खिसे रिकामे करून जा."